दावणीपर्यंत पोचलेलं झाड

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी दावणी ओस पडल्या. कडबा संपला, कुरणं उघडी पडली, लोकांनी मिळेल त्या भावात गुरं विकली. त्याच काळात उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली ‘बाएफ’ ही संस्था संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात आणू पाहत होती. दूध वाढायचं तर खुराक वाढवावा लागतो आणि रोजची पेंड विकत घेणं लहान शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून गाईमागोमाग सुबाभूळ आली.

मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची ही सुबाभूळ भर उन्हाळ्यातही पाला देते. वाळलेल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र आणि वर चुलीला सरपण. ती सांभाळायची रीतही अवघड नव्हती. बांधावर दाट ओळ लावायची, कमरेच्या उंचीवर छाटायची, शेंगा धरायच्या आत कापायची. पाला कडब्याच्या कुट्टीत मिसळायचा आणि एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ द्यायचा नाही. पाल्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावराचे केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते.

ऐंशीच्या दशकात वनीकरणाच्या उत्साहात ती पडीक रानात आणि रस्त्याकडेलाही लागली. तिथं कापणारं कुणी नव्हतं. शेंगा तडकल्या, बी पसरलं, झाड माजलं. १९८८ च्या सुमारास कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी सायला कीड भारतात पोचली आणि एकाच झाडावर भिस्त ठेवणाऱ्यांचा हिरवा चारा हातचा गेला.

पुढची वाट मिश्र लागवडीची होती. बाएफनेच त्याआधी, १९८२ मध्ये, गुजरातेत वांसद्याला सुरू केलेल्या ‘वाडी’ पद्धतीत मधे फळझाडं आणि कडेनं चाऱ्या-सरपणाची झाडं होती. शेवरी, हादगा, गिरिपुष्प, आपला अंजन आणि बोर यांना बांधावर जागा मिळू लागली. २०१४ मध्ये देशाचं कृषी-वनीकरण धोरणही आलं.

सुबाभळीला लोक आजही नावं ठेवतात. मला मात्र या पन्नास वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: रोज विळा घेऊन जाणारं माणूस होतं तिथं ही झाडं टिकली आणि गोठाही टिकला. रोपवाटपाच्या प्रत्येक योजनेत खड्डे मोजण्याआधी दोन प्रश्न विचारले जावेत. पाला कापणार कोण? आणि तो कुणाच्या दावणीत पडणार?