ऊस जवळचा की लांबचा : वाहतुकीचे गणित



एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा दर. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होऊन उरते ते आपल्या हाती पडते. महाराष्ट्रात बहुतेक कारखाने ही वजावट सरासरीने, सर्वांना सारखीच लावतात. म्हणजे ४० किलोमीटरवरून आलेल्या उसाच्या भाड्याचा वाटा गेटाशेजारच्या सभासदाच्या बिलातूनही जातो. तेव्हा हे गणित सर्वांनीच समजून घेतलेले बरे.

गणित तसे जुनेच. जर्मनीतील योहान फोन थ्यूनेन हे स्वतः शेती करणारे गृहस्थ. वर्षानुवर्षे शेतीचे हिशेब ठेवून त्यांनी १८२६ साली मांडले की, बाजारपेठेभोवती पिकांची वर्तुळे पडतात. नासका व जड माल जवळ, धान्य त्यापलीकडे, गुरांची कुरणे सर्वांत लांब. ऊस जडही आणि नासकाही. तोड झाली की वजन घटते, उताराही घसरतो. म्हणून साखर मुंबईला जाते, पण कारखाना उसाच्या शिवारातच उभा करावा लागतो.

आपल्या नगर जिल्ह्यात मात्र वर्तुळ गोल राहात नाही. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवे गेले तिकडे ऊस गेला. पट्टा लांबट झाला, की तेवढ्याच उसाला गाडी जास्त धावते.

आता नमुन्यादाखल हिशेब पाहू. हंगामात साडेसात लाख टन गाळप धरा. कारखान्याभोवती दर चौरस किलोमीटरला २५ एकर ऊस, एकरी ३२ टन. मग सरळ रेषेत १७ किलोमीटरपर्यंत जावे लागते आणि सरासरी अंतर साडेअकरा किलोमीटर पडते. तेच उत्पादन एकरी ४० टन झाले, तर १५.५ किलोमीटरच्या आत काम भागते. सरासरी अंतर १०.३ वर येते. हंगामात सुमारे ९ लाख टन-किलोमीटर वाहतूक वाचली! रस्ता वळणाचा, म्हणून प्रत्यक्षात बचत याहून जास्तच.

यात लांबच्या सभासदाचा दोष नाही, तोही आपलाच. उपाय आहे तो एकरी उतारा वाढवण्यात. बेणे निरोगी वापरा, खोडव्यातील तुटाळी भरा, पाचट जाळू नका, लागणीची नोंद वेळेवर द्या म्हणजे तोडणीचा कार्यक्रम गटवार लावता येतो. एका शिवारातील फड एकत्र तुटले, तर गाडीची खेप वाया जात नाही.

क्षेत्र वाढवण्याआधी एकरी टन वाढवा. भाड्यात जाणारा पैसा बिलातच राहील.

— ऊस विकास अधिकारी