अल्पविद्राव्य प्रदूषकांचा प्रयोग कसा करावा?

नार्वे आणि दिवाडीदरम्यान मांडवीत फेरीबोट चालते. अशा बोटींच्या डिझेलमध्ये पायरीनसारखी सेंद्रिय संयुगे अल्प प्रमाणात असतात. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात पायरीन जेमतेम ०.१३ मिलिग्रॅम विरघळते. शुद्धीकरणाच्या प्रयोगात त्याची भुकटी थेट पाण्यात टाकल्यास कण काचेला चिकटतात, गाळणीत अडकतात आणि सक्रिय कोळशाने प्रदूषक शोषल्याचा आभास होतो.

म्हणून पायरीन आधी मिथेनॉलमध्ये विरघळवून त्याचे मोजके थेंब ढवळत्या पाण्यात सोडतात. मात्रा विद्राव्यतेच्या मर्यादेखालीच ठेवतात. ओझोनच्या प्रयोगात मिथेनॉलही अभिक्रियेत भाग घेते. तेथे ते आधी उडू देऊन मगच पाणी घालतात व दीर्घकाळ ढवळतात.

कोळशाविना तसेच एक पात्र तुलनेसाठी ठेवले, तरच पाणी खरोखर शुद्ध झाले का, हे कळते.