नेटबॉल : आधी थांबायला शिका, मग नेम धरा

वाशी म्हटलं की बाहेरच्यांना नवी मुंबई आठवते. पण बालाघाटाच्या परिसरातल्या आपल्या वाशी तालुक्याला मैदानाची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही. हा धाराशिव जिल्हा मुलींच्या खो-खोचा. इथल्याच सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. वेग, हुलकावणी, दम या गोष्टी इथल्या मुलींच्या अंगात लहानपणापासून मुरतात. अशा मुलींना सहज जमेल असा आणखी एक खेळ म्हणजे नेटबॉल. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांतही त्याचा समावेश आहे. मात्र हा खेळ सुरू करण्याआधी पालकांनी आणि क्रीडा शिक्षकांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे गुडघा.

खेळ कसा आहे?

नेटबॉल हे बास्केटबॉलचं भावंड. 1890 च्या दशकात इंग्लंडमधल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत मुलींसाठी बास्केटबॉलमध्ये बदल होत गेले आणि 1901 मध्ये या खेळाचे नियम छापले गेले. सर्व देशांसाठी समान नियम ठरवण्याचं काम 1960 मध्ये शेजारच्या श्रीलंकेत, कोलंबोत सुरू झालं. 1998 पासून हा राष्ट्रकुल स्पर्धेतला पदकाचा खेळ आहे. 2010 च्या दिल्लीतल्या स्पर्धेत भारताच्या मुलीही त्यात उतरल्या होत्या.

मैदान 30.5 मीटर लांब आणि 15.25 मीटर रुंद. त्याचे तीन समान भाग. प्रत्येक संघात सात खेळाडू. कोणी कोणत्या भागात फिरायचं हे ठरलेलं असतं आणि प्रत्येकीच्या अंगावरच्या अक्षरांवरून तिची जागा कळते. दोन्ही टोकांना 3.05 मीटर उंचीच्या खांबावर कडी असते, पण बास्केटबॉलसारखी मागे फळी नसते. गोल करायचा अधिकार दोघींनाच, तोही कडीभोवतीच्या अर्धवर्तुळातून. पंधरा मिनिटांचे चार डाव. म्हणजे चुन्याने आखलेलं मैदान, दोन खांब आणि एक चेंडू एवढ्यावर शाळेला सुरुवात करता येते.

एका नियमात सगळा खेळ

नेटबॉलमध्ये चेंडू आपटत पळता येत नाही. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत तो दुसरीकडे द्यायचा. ज्या पायावर उतरलात तो पाय उचलला, तर तो पुन्हा टेकण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. थोडक्यात, धावत येऊन, उडी मारून चेंडू झेलायचा आणि दीड पावलात थांबायचं.

खो-खोत पाठलाग करणारीला चेंडू झेलून असं थांबावं लागत नाही. इथे मात्र खेळातलं मुख्य कौशल्यच थांबण्याचं आहे. असं उतरताना जमिनीकडून पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो, असं नेटबॉल खेळाडूंवरच्या मोजमापांत आढळलं आहे. 45 किलो वजनाच्या मुलीच्या पायावर क्षणभर सुमारे 180 किलोचा भार!

या खेळात सर्वाधिक मुरगळतो तो घोटा, पण खेळाडूला दीर्घकाळ बाहेर बसवतो तो गुडघा. गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. तो तुटतो तेव्हा बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. पाय टेकल्यावर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास सगळं घडून जातं. सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये हा धोका दुपटीहून जास्त असतो. वयात येताना उंची आणि वजन झपाट्याने वाढतं, त्या प्रमाणात मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद वाढत नाही. मग उतरताना गुडघा ताठ राहतो किंवा आत झुकतो.

उपाय बिनखर्चाचा

डोक्यावरची भरलेली घागर खाली ठेवताना आपण गुडघ्यात वाकतो. थांबायला वेळ मिळाला की धक्का कमी बसतो. नेटबॉलमध्ये उतरण्याचं शास्त्रही हेच. ऑस्ट्रेलियात तर नेटबॉलपटूंसाठी गुडघा वाचवणारा खास सराव कार्यक्रम आहे. असे सराव नियमित केल्यास मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, खेळाआधी पंधरा मिनिटं एवढं करा :

- हलकं धावणं, मग उठाबशा आणि पुढे-बाजूला मोठं पाऊल टाकून वाकणं.
- जागेवर उडी मारून दोन्ही पायांवर उतरणं आणि तीन सेकंद न हलता थांबणं. गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत हवेत.
- हे जमल्यावर एका पायावर उतरणं, मग धावत येऊन चेंडू झेलत उतरणं.
- एका पायावर उभं राहून जोडीदारणीबरोबर चेंडूची देवाणघेवाण.

उतरताना पायांचा आवाज जितका कमी, तितकं उतरणं चांगलं. ही परीक्षा कोणताही शिक्षक घेऊ शकतो. मुरमाड मैदानावरचे खडे आधी वेचून घ्या आणि पकड असलेले बूट घालायला लावा.

आणखी एक गोष्ट. राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिला आणि किशोरींमध्ये रक्तक्षय आढळतो. दमलेली मुलगी चुकीची उतरते. त्यामुळे शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू नका आणि उपाशीपोटी सराव नको.

लपवू नका, चोळू नका

उतरताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला, काही तासांत सूज आली किंवा चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर खेळ तिथेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंच ठेवा. चोळून किंवा ओढून घेऊ नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि गरज पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

गावाकडे मुलीचा गुडघा एकदा दुखावला की तिचं मैदान बहुधा कायमचं सुटतं. 'पुरे झालं आता खेळणं' हे घरातून लगेच ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटना मात्र या वयात रोज सरासरी तासभर हालचाल हवी असं सांगते. मुलगी मैदानावर टिकली, तर हा तास आपोआप मिळतो. म्हणून कडीकडे बघण्याआधी तिला पायाखालची जमीन ओळखायला शिकवू या.