लाल पट्टीचा नकार

१९६७ साली बाजारात आलेल्या ‘ऑलिम्पस ट्रिप ३५’ या जपानी कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीच्या खडबडीत कड्यामागे सेलेनियमचा सेल असतो. त्यावर उजेड पडला की क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मीटरचा काटा सरकतो. बटण दाबताच काटा आहे तिथे पकडला जातो व त्यानुसार छिद्र लहान-मोठे होते. उजेड अपुरा असेल, तर पाहण्याच्या खिडकीत लाल पट्टी वर येते आणि बटण अडते.

हा नकार अनेकांना बिघाड वाटतो. खरे तर ती प्रकृती ठीक असल्याची खूण आहे. कॅमेरा ‘ए’वर ठेवून, भिंग तळहाताने झाकून बटण दाबावे. पट्टी आली, तर काटा पडताना अडकत नाही. भर उन्हातही ती आली, तर संशय सेलवर किंवा काट्यावर.

पट्टी चोख वागूनही उन्हातले सगळे फोटो पांढरटच येतात, तेव्हा पाती तपासावीत. रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडून, चाक फिरवून, उजळ आकाशाकडे रोखून बटण दाबावे. छिद्र लहान दिसले नाही, तर पाघळलेल्या वंगणाने पाती चिकटली आहेत. तिथे शिलाई मशीनचे तेल सोडणे म्हणजे दुखणे वाढवणे. ही पाती कोरडीच चालतात. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावीत.

अडलेल्या बटणावरून वडिलांचा कॅमेरा भंगारात काढण्यापूर्वी तो एकदा अंगणात नेऊन पाहावा.