जांगडवर गेलेला सौदा

उंधियूला पापडी लागते ती सुरतेच्या कतारगामचीच, असे जुने सुरती अजूनही सांगतात. पापडीची शेते मात्र बहुतेक गेली. तिथल्या 'नंदू डोशीची वाडी' या भागाचे नाव तेवढे वाडीचे राहिले. तिथे आता गल्लोगल्ली हिऱ्यांचे कारखाने आहेत. १९६४ साली सौराष्ट्रातून सुरतेला येऊन हिरे घासायच्या घंटीवर बसलेल्या गोविंद ढोलकियांनी १९७० मध्ये श्री रामकृष्ण एक्स्पोर्ट्स ही पेढी काढली. तिचे मोठे कारखाने याच कतारगामात आहेत. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ भारतात घासले जातात, आणि त्यांतले बहुतेक सुरतेत.

अशा मोठ्या कारखान्यात कच्चा हिरा शिरला की त्याच्या पुडीला बारकोड लागतो. आखणी, लेसरची कापणी, घाट, तळिया (खालचे पैलू), मथाळा (वरचे पैलू) असा तो हातोहात फिरतो आणि प्रत्येक हातात जाताना त्याचे वजन होते. कॅरेट म्हणजे अवघे २०० मिलिग्रॅम, त्यामुळे कोणत्या टेबलावर किती घट झाली याला फार महत्त्व. एखादा हिरा दुपारी तीन वाजता कोणाकडे आहे हे संगणक लगेच सांगतो. गंमत अशी की हाच हिरा तयार होऊन विक्रीला निघाला की ही चोख नोंद सैल पडते. तो कोणाला दाखवला, कितीला मागितला गेला, आज कोणाच्या खिशात आहे, यांची उत्तरे शेठच्या डोक्यात आणि दलालाच्या फोनमध्ये असतात.

इथे सीआरएम, म्हणजे ग्राहकांचा आणि सौद्यांचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर, विकणारे येतात. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सने हे काम इंटरनेटवर आणले. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचे सीआरएम २००५ पासून आहे. सगळ्यांचा सांगाडा साधारण एकच. चौकशी आली, बोलणे झाले, भाव दिला, घासाघीस झाली, सौदा जिंकला किंवा हरला. प्रत्येक टप्प्याला शक्यतेची टक्केवारी जोडलेली असते. दहा लाखांचा सौदा चाळीस टक्क्यांवर असेल तर अंदाजात चार लाख धरायचे. यंत्रे किंवा विमा विकणाऱ्याला हे ठीक आहे. मात्र त्यामागे एक गृहीत आहे: सौदा जिंकेपर्यंत माल आपल्या गोदामात असतो आणि जिंकला की काम संपते.

सुरतेत माल सौद्याआधीच बाहेर पडतो. त्याला जांगड म्हणतात. दलाल चिठ्ठीवर सही करून पुडी नेतो. चिठ्ठीवर वजन, दर्जा, मागणीचा भाव आणि बहुधा मुदत असते. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात तो स्कूटरच्या सीटवर पुडी उघडून ती गिऱ्हाइकाला दाखवतो, जमले नाही तर दुसऱ्याला, कधी दुसऱ्या दलालालाही देतो. एका हिऱ्यावर तीन गिऱ्हाइकांची बोलणी चालू असली, तर अमेरिकी पद्धतीच्या पडद्यावर तीन सौदे दिसतात आणि अंदाज तिप्पट फुगतो. हिरा एकच, विकला जाणार एकदाच. अँटवर्पच्या व्यापाऱ्यांनी यावर जुनाच तोडगा काढला आहे. गिऱ्हाइकाने भाव सांगितला की पुडी सीलबंद करून वर तो भाव लिहायचा; विकणाऱ्याचे उत्तर येईपर्यंत ती दुसऱ्याला दाखवायची नाही. एका वस्तूवर एका वेळी एकच जिवंत बोली. मला हा नियम कित्येक महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा शहाणा वाटतो.

शिवाय भाव थांबत नाही. मोठ्या हिऱ्यांचे बोलणे रॅपापोर्ट या संस्थेच्या भावयादीवरून होते, 'रॅपच्या खाली इतके टक्के' असे. ही यादी दर आठवड्याला निघते. पंधरा दिवस जांगडवर असलेल्या हिऱ्याची पडद्यावरची किंमत तोवर शिळी झालेली असते.

कायद्याला हा व्यवहार ओळखीचा आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २४ नुसार पसंतीवर नेलेल्या मालाची मालकी घेणाऱ्याने पसंती कळवल्यावर बदलते. नकार न कळवता ठरलेल्या किंवा वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवला तरीही बदलते. जीएसटी कायद्याच्या कलम ३१(७) प्रमाणे असा माल बाहेर पडला की विक्री ठरताच, आणि कसेही झाले तरी सहा महिन्यांच्या आत, बिल फाडावे लागते. म्हणजे जांगडची तारीख हीच खरी महत्त्वाची नोंद, आणि तयार सीआरएममध्ये नेमका तिचाच रकाना नसतो. नेलेले हिरे परत आले नाहीत अशा फिर्यादी सुरतेच्या पोलिसांकडे होतच असतात. त्या वेळी सही केलेली चिठ्ठी पुढे करावी लागते. 'शक्यता साठ टक्के' ही नोंद तिथे कोण विचारतो?

हिऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच ओळ गिऱ्हाइकाची नसते, हिऱ्याची असते. प्रमाणपत्राचा क्रमांक (जीआयए या अमेरिकी संस्थेचा असेल तर तो बहुधा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेलाही असतो) हा त्याचा पत्ता. त्यापुढे तो घरात, जांगडवर, राखून ठेवलेला की विकलेला, हे लिहायचे. रॅपापोर्टच्याच रॅपनेट या ऑनलाइन बाजारात माल मांडतानाही तो मेमोवर, म्हणजे जांगडवर, असल्याचे नोंदवता येते. अडचण उरते ती दलालाची. त्याची दलाली साधारण एक टक्का आणि त्याची खरी पुंजी म्हणजे गिऱ्हाइकाचे नाव. ते नाव शेठच्या संगणकात भरून स्वतःला फालतू करून घ्यायला तो तयार नसेल, तर त्याला अडाणी म्हणू नये.

'जिंकला' नंतर तर खरी धाकधूक सुरू होते. बाजारात पैसे साठ, नव्वद, एकशेवीस दिवसांनी येतात. मंदीत एखादा व्यापारी रातोरात दुकान बंद करून जातो, या प्रकाराला सुरती माणूस उठमणुं म्हणतो. विक्री खात्याच्या पडद्यावर तो सौदा तेव्हाही हिरवाच असतो, कारण वसुली दुसऱ्या खात्याकडे.

पसंतीवर माल देणे आणि लांब उधारी महाराष्ट्रातही नवी नाही. तेव्हा जळगावच्या सराफाने किंवा इचलकरंजीच्या कापडवाल्याने सीआरएम घ्यायच्या आधी विक्रेत्याला दोनच गोष्टी दाखवायला सांगाव्यात: पसंतीवर बाहेर गेलेला माल आणि न आलेले पैसे. दोन्ही त्याच पडद्यावर दिसत नसतील, तर चेकबुक काढू नये.