न भरणारी टाकी

गटाराविना शहर : लेखांक ९

वाईच्या प्रकल्पात मैलागाळ वाळतो कसा, हे या आठवड्यात सांगायचे ठरले होते. पण कराडहून एका वाचकांचे पत्र आले आणि ते बाजूला ठेववेना. ते लिहितात, ‘घर बांधून बावीस वर्षे झाली. आमची सेप्टिक टाकी अजून एकदाही भरलेली नाही. मग दर तीन वर्षांनी उपसण्याचा खर्च नगरपालिकेने आमच्या माथी का मारावा?’ हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. वाळवण पुढच्या आठवड्यात पाहू.

सेप्टिक टाकी एकदा वापरात आली की थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत भरते. मग वरून जेवढे पाणी येते तेवढेच पलीकडून निघून जाते. पातळी जन्मभर तीच राहते. वाढतो तो तळाचा गाळ. जड मैला खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडते. तळाशी हवेविना जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग पचवतात, पण सगळा नाही. उरलेला साचत जातो, पाण्याला थांबायला जागा कमी पडते आणि एक दिवस मैला न बसताच पाण्याबरोबर बाहेर जाऊ लागतो. वर घरात काहीच कळत नाही. संडास तुंबत नाही, वास येत नाही. शोषखड्डा मात्र आतून लिंपला जातो. शोषखड्डा नसेल, तर तोच मैला उघड्या गटारातून ओढ्याला मिळतो.

तेव्हा बावीस वर्षे ‘न भरलेल्या’ टाकीच्या दोनच शक्यता आहेत. एक तर ती गाळाने केव्हाच भरली आहे आणि मैला पुढे सरकतो आहे, नाही तर तिला तळच नाही. खाली कोबा न करता, भिंतींना आतून गिलावा न देता बांधलेल्या टाक्या आपल्याकडे कमी नाहीत. त्यातले पाणी जमिनीत मुरते आणि जवळच बोअर असेल तर तिथवर पोहोचू शकते.

अशी टाकी बांधली कोणी? गवंड्याने. पण सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. घरमालक सांगतो, ‘अशी बांध की पुन्हा बघायला नको.’ गवंडी तशी बांधतो. ज्याची टाकी वर्षानुवर्षे उपसावी लागत नाही तो गवंडी चांगला, असे नाव होते आणि पुढचे काम त्यालाच मिळते. चांगल्या टाकीची कल्पनाच दोघांनी उलटी धरली आहे. विकेंद्रित स्वच्छतेसाठी माणसे तयार करायची म्हणजे आधी ही कल्पना सुलटी करायची, असे माझे ठाम मत आहे.

नियम जुने आणि सोपे आहेत. भारतीय मानक २४७० मध्ये ते छापलेले आहेत. टाकीची लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर आणि पाणी किमान १,००० लिटर मावले पाहिजे. टाकी मोठी असेल तर मध्ये पडदी, तीही पाणी येते त्या बाजूला दोन तृतीयांश जागा सोडून. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी पाइप. एवढे पाळले तर टाकी आपले काम करते.

सातारा जिल्ह्यात गवंड्यांच्या एका प्रशिक्षणाला मी बसलो होतो. सकाळी फळ्यावर आकृत्या चालल्या होत्या, तेव्हा अर्धे लोक बाहेर बिडी ओढत होते. दुपारी एका जाणत्या गवंड्याने विचारले, ‘टी लावला नाही तरी पाणी जातंच की. मग लावायचा कशाला?’ शिकवणाऱ्याने उत्तर दिले नाही. एक पारदर्शक डबा आणला, बाजूला भोक पाडून साधा पाइप बसवला, पाणी भरले आणि वर भुसा टाकला. आणखी पाणी ओतताच तरंगणारा भुसा पाइपातून भराभर बाहेर आला. मग त्याच तोंडाला टी लावला. त्याचे खालचे टोक भुशाच्या थराखाली पाण्यात बुडले होते. पुन्हा पाणी ओतले, तर पाणी आले आणि भुसा जागच्या जागी राहिला. तो गवंडी पुढे सरकला, टी हाताने काढून-लावून त्याने स्वतः दोनदा पाहिले. नंतर बाहेर कोणी उरले नाही.

असे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरीत संडासांचे प्रयोग केले. देहूच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर तेच काम पुढे नेले; त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दवाखान्यातला डॉक्टर संडासाच्या खड्ड्यात उतरून बांधकाम समजावून घेतो, यातच आपल्याला काय शिकायचे ते आले.

पण प्रशिक्षणाला येणाऱ्या गवंड्याची दिवसाची मजुरी बुडते. ती भरून दिली पाहिजे. आणि शिकून गेल्यावर घरमालकाने पुन्हा ‘बिनतळाची कर, पैसे वाचव’ म्हटले, तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहील. म्हणून गवंड्याच्या पाठीशी नगरपालिकेचा अभियंता उभा हवा. बांधकामात जोते तपासणी आपल्याकडे आहेच. त्याच धर्तीवर झाकण पडण्याआधी टाकीही तपासावी : तळ आहे का, पडदी आहे का, टी आहे का. या तीन गोष्टी पाहायला फार वेळ लागत नाही.

उपसणाऱ्याचाही विचार गवंड्यानेच करायचा असतो. झाकण फरशीखाली गाडले, तर सक्शन गाडीची नळी आत जाणार कुठून? मग फरशी फोडावी लागते, किंवा कोणाला तरी आत उतरवण्याचा मोह होतो. माणसाला असे टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतला वायू क्षणात जीव घेतो. हाताशी येणारे, उघडता येणारे झाकण हे त्या माणसाच्या जिवाचे रक्षण आहे. वाईत आणि सिन्नरमध्ये ठरावीक काळाने टाक्या उपसण्याची पद्धत रुजली आहे. ती टिकायची तर नवी टाकी उपसण्याजोगीच बांधली गेली पाहिजे.

कराडच्या वाचकांना माझी विनंती आहे : यंदा टाकी उपसून घ्या आणि गाडी आली की शेजारी उभे राहून तळ आहे की नाही, ते गाडीवाल्याला विचारा. ज्यांचे घर बांधायचे चालले आहे, त्यांनी मजुरीचा शेवटचा हप्ता देण्याआधी टाकी पाण्याने भरून चोवीस तास ठेवावी. पातळी उतरली, तर गवंड्याला गिलावा पुन्हा करायला सांगा आणि त्या कामाचे पैसे त्याला द्या.