डब्यावरची चिठ्ठी: पाळीव सापांचे रंगप्रकार आणि त्यांची नावे

अमेरिका आणि युरोपातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्रीमेळ्यांत, उदाहरणार्थ इलिनॉयमधील टिनली पार्क किंवा जर्मनीतील हाम येथे, सापांची पिल्ले झाकणाला भोके पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांत टेबलावर ओळीने मांडलेली असतात, आणि प्रत्येक डब्यावर '०.१, सीबी २०२४, अ‍ॅमेल, ६६% हेट अ‍ॅनेरी' अशा धर्तीची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. टिंबाच्या डावीकडचा आकडा नरांचा आणि उजवीकडचा माद्यांचा, म्हणजे हे पिल्लू मादी आहे. 'सीबी' म्हणजे ते जंगलातून पकडलेले नसून बंदिवासातील पैदाशीचे आहे. पुढचे शब्द रंगाविषयीचे आहेत, आणि किंमत मुख्यतः त्यांच्यावरच ठरते. रंगाचे नाव कधी केवळ दिसण्याविषयी बोलते, कधी जनुकाविषयी, तर कधी घराण्याविषयी. या व्यापारात उघड खोटे बोलले जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा यांपैकी एका अर्थाचे नाव दुसऱ्या अर्थाने खपवले जाते.

आपल्याकडच्या धामणीच्याच कुळातला, पण शांत स्वभावासाठी वाखाणला जाणारा अमेरिकी कॉर्न स्नेक हा या नामकरणाचा सर्वांत जुना नमुना आहे. त्याच्यातील वर्णहीनता आनुवंशिक असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ एच. बर्नार्ड बेक्टेल आणि एलिझाबेथ बेक्टेल यांनी १९६२ मध्ये प्रत्यक्ष पैदाशीतून दाखवून दिले. त्या प्रकाराचे 'अ‍ॅमेलॅनिस्टिक' हे नाव, म्हणजे काळे रंगद्रव्य नसलेला, रुक्ष असले तरी प्रामाणिक आहे, कारण ते जे नाही तेच सांगते. लाल रंगद्रव्य नसलेला तो 'अ‍ॅनेरिथ्रिस्टिक', आणि ही दोन्ही जनुके एकत्र आली की निघणारा पांढरट गुलाबी साप 'स्नो'. इथवर नाव आणि जनुक यांचा मेळ बसतो. परंतु 'कँडीकेन' या नावामागे वेगळे जनुक नाही. पांढरी पार्श्वभूमी आणि तांबडे पट्टे ज्यांत ठळक आहेत असे अ‍ॅमेल साप पिढ्यानपिढ्या निवडत गेल्याने ते रूप तयार झाले आहे, आणि फिकट भावंडाशी जोडी लावली तर पुढच्या पिढीत ते विरून जाऊ शकते. विक्रेता हे सांगतो की नाही, यावरच त्या चिठ्ठीची किंमत ठरायला हवी.

'ओकीटी' या नावाची गत आणखी बोधक आहे. मुळात ते दक्षिण कॅरोलायनातील जॅस्पर काउंटीतल्या एका शिकारी क्लबचे नाव असून त्या भागातील नारिंगी अंगाचे, जाड काळ्या किनारीने वेढलेल्या तांबड्या ठिपक्यांचे साप त्या नावाने ओळखले जात. कालांतराने तशी किनार असलेला कोणताही साप 'ओकीटी' ठरू लागला, मग त्याच्या पूर्वजांनी तो प्रदेश पाहिलेला असो वा नसो. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो, त्यातलाच हा प्रकार. पुढे काळ्याऐवजी पांढरी किनार असलेल्या अ‍ॅमेल सापाला 'रिव्हर्स ओकीटी' म्हटले जाऊ लागले, तेव्हा तर नावातल्या भूगोलाला काही अर्थच उरला नाही.

चिठ्ठीवरचा सर्वांत निसरडा शब्द मात्र 'हेट' हा आहे. अप्रभावी जनुकाची एकच प्रत बाळगणारा, म्हणून दिसायला साधा पण पुढच्या पिढीला ते जनुक देऊ शकणारा साप म्हणजे हेट. दोन हेट सापांच्या संततीत सरासरीने चौथा हिस्सा रंगीत निघतो, आणि जी साधी दिसणारी पिल्ले उरतात त्यांच्या दर तिघांपैकी दोघे हेट असतात. 'हेट ६६%' हे लिहिणे म्हणूनच खरे आहे. प्रश्न खरेदीदाराच्या मनात तयार होणाऱ्या चित्राचा आहे. अशी नर-मादीची जोडी घेतल्यास दोघेही हेट असण्याची शक्यता नऊपैकी चार, म्हणजे निम्म्याहूनही कमी असते. बॉल पायथन या पश्चिम आफ्रिकी अजगराची मादी प्रजननक्षम व्हायला साधारणपणे तीन वर्षे किंवा अधिक काळ लागतो आणि एका विणीत बहुधा सहाच्या आसपास अंडी मिळतात. जोडी खरोखरच हेट असली तरी त्या सहांतून एकही रंगीत पिल्लू न निघण्याची शक्यता सुमारे १८% असते. तेव्हा खरेदीदाराला आपले नशीब वाईट म्हणावे की विक्रेत्याची नोंदवही, हे पहिल्या विणीवरून ठरवता येत नाही.

याच कारणाने नवे रूप सिद्ध करणे हे धीराचे काम आहे. वेगळा दिसणारा साप साध्या सापाशी जोडायचा, सगळी साधी निघालेली पिल्ले वाढवायची, त्यांची आपसांत किंवा मूळ सापाशी जोडी लावायची आणि ते रूप पुन्हा उमटते का ते पाहायचे, यात पाच-सहा वर्षे सहज जातात. उबवणीतील तापमानामुळे किंवा निव्वळ योगायोगानेही पिल्लू वेगळे दिसू शकते, म्हणून ही परीक्षा टाळता येत नाही. बाजार तेवढा थांबत नाही, कारण नव्या रूपाला सर्वाधिक भाव पहिल्या काही विणींतच मिळतो. परिणामी नाव आधी पडते आणि पुरावा मागाहून येतो, किंवा येतच नाही. महागडी पिल्ले घेणारे बहुतेक जण पुढे पैदास करून विकण्यासाठीच ती घेतात, त्यामुळे आजचा खरेदीदार उद्याचा विक्रेता असतो आणि नावाभोवतीचे वलय टिकवण्यात दोघांचेही हित गुंतलेले असते. छायाचित्रांत मात्र फारशी नवी युक्ती नाही: नुकतीच कात टाकलेला, झगमगता साप प्रखर उजेडात टिपायचा, किंवा पिल्लांच्या जागी त्यांच्या आईबापांचे छायाचित्र लावायचे, एवढे पुरते.

बॉल पायथनच्या व्यापारात गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. पिवळेपणा हरवलेल्या करड्या सापाला 'अ‍ॅक्झँथिक' म्हणतात, पण या एका नावाखाली परस्परांशी न जुळणारी अनेक घराणी आहेत, आणि दोन वेगळ्या घराण्यांतले करडे साप एकत्र आणले तर पिल्ले साधीच निघतात. उलट 'बनाना' आणि 'कोरल ग्लो' ही स्वतंत्रपणे रूढ झालेली दोन नावे एकाच रूपाची मानली जातात.

'स्पायडर' या रूपाबाबत मात्र प्रश्न पैशापुरता राहत नाही. जाळीदार नक्षीच्या या सापांत डोके डुगडुगणे, तोल जाणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे असे दोष कमीअधिक प्रमाणात दिसतात, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण सूक्ष्मचित्रणाच्या अभ्यासात त्यांच्या आतल्या कानाच्या संतुलन राखणाऱ्या भागात विकृती आढळली. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत या रूपाची विक्री बंद केली. तरीही स्पायडर आणि पेस्टल यांच्या मिश्रणाला 'बंबलबी', तर घोस्ट या रूपाशी झालेल्या मिश्रणाला 'हनी बी' म्हणण्याची पद्धत आहे. डोलणाऱ्या डोक्याविषयी ऐकून स्पायडर टाळू पाहणारा नवखा माणूस ही गोंडस नावे वाचून तेच जनुक घरी नेऊ शकतो. जे पैदासकार डब्यावर टोपणनावाबरोबर 'स्पायडर पेस्टल' असे जनुकांचे पूर्ण वर्णन लिहितात, ते एखादे गिऱ्हाईक गमावत असतील, पण चिठ्ठी वाचता येण्याजोगी ठेवतात.

टाकलेल्या कातीवरून जनुकांची तपासणी आता शक्य झाल्याने 'हेट' या शब्दामागचा अंदाज काही रूपांपुरता तरी संपू लागला आहे. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून आलेल्या काती वापरून २०२२ मध्ये दाखवले की 'अल्बिनो' बॉल पायथनमधला दोष टीवायआर या एकाच जनुकात असला तरी त्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. अर्थात अशी तपासणी केवळ ज्ञात जनुकांपुरतीच चालते. कँडीकेनचे तांबडे पट्टे किती ठळक राहतील किंवा ओकीटीचे पूर्वज जॅस्पर काउंटीत होते का, यासाठी विक्रेत्याची नोंदवहीच मागावी लागते.